सीमाभागातील साप : विषारी कोणता आणि बिनविषारी कोणता, हे कसे ओळखावे

गेल्या मृगात आमच्या न्हाणीघराच्या मोरीतून हातभर लांबीचा, तपकिरी अंगावर पांढुरके पट्टे असलेला साप वर आला आणि शेजारच्या मामांनी ‘मण्यार, मण्यार’ म्हणत काठी उचलली. बॅटरीच्या उजेडात पाहिले तेव्हा पहिला पट्टा थेट मानेवर, गळपट्टीसारखा होता. पुढचे पट्टे शेपटीकडे जाता जाता फिके होत नाहीसे झाले होते, आणि साप मोरीची खरबरीत भिंत चढू पाहत होता. तो कवड्या होता, म्हणजे पाली खाणारा बिनविषारी साप. मण्यारीचे चित्र याच्या उलट असते. तिचे अंग चकचकीत निळसर काळे असते, मानेपासून काही अंतरापर्यंत पट्टे नसतात किंवा तुटक असतात, आणि शेपटीकडे ते अधिक ठळक होत जातात. हे पट्टे बारीक आणि बहुधा जोडीजोडीने असतात. पाठीच्या कण्यावरून जाणारी खवल्यांची एक ओळ बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठी आणि षटकोनी असते. कवड्याला अशी ओळ नसते. ही खूण पक्की आहे, पण ती पाहण्यासाठी जवळ जाऊ नये. दुरून काढलेल्या फोटोत ती दिसते.

साप ओळखण्याचा एकच नियम सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ‘डोके त्रिकोणी तर विषारी’ आणि ‘डोळ्याची बाहुली उभी तर विषारी’ हे नियम आपल्याकडे टिकत नाहीत. नागाची आणि मण्यारीची बाहुली गोल असते आणि त्यांचे डोके त्रिकोणी नसते. उलट अजगर, मांडूळ आणि मांजऱ्या यांची बाहुली उभी असते. उभ्या बाहुलीचा नियम अमेरिकेतील सापांवरून आलेला आहे, आणि तिथेही पोवळ्या सापाला तो लागू पडत नाही. दंशाच्या दोन खुणांचेही तसेच आहे : मण्यारीच्या दंशाची खूण कधी शोधूनही सापडत नाही, तर बिनविषारी सापाच्या दातांतले दोनच दात रुतले की दोन ठिपके उमटतात.

मराठीत ‘विषारी’ या एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी येतात. काही प्राणी खाल्ल्याने किंवा हाताळल्याने बाधतात, तर काही दातावाटे किंवा नांगीवाटे विष शरीरात सोडतात. आपल्या परिसरातील धोकादायक साप दुसऱ्या प्रकारचे आहेत. पहिल्या प्रकारचेही साप जगात आहेत. जपानमधील एक पाणसापासारखा साप विषारी बेडूक खाऊन त्यांचे विष मानेजवळच्या ग्रंथींमध्ये साठवतो. मात्र शेताच्या बांधावर निर्णय घेताना ‘याच्या दातात विष आहे का’ एवढाच प्रश्न कामाचा असतो. हरणटोळ आणि मांजऱ्या यांचे विषदात जबड्यात मागे असतात आणि विष सौम्य असते, म्हणून त्यांना निमविषारी म्हणतात.

भारतातील सर्पदंशाचे बहुसंख्य मृत्यू चार सापांमुळे होतात असे मानले जाते : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. म्हणून सगळे साप पाठ करण्यापेक्षा हे चार आणि त्यांच्यासारखे दिसणारे साप नीट ओळखता येणे अधिक उपयोगाचे आहे.

घोणशीबद्दल जरा सविस्तर सांगणे भाग आहे, कारण चिकोडी, निपाणी आणि अथणीकडील ऊसपट्ट्यात ती पाचटात आणि बांधाच्या गवतात बसलेली असते आणि उंदरांमागे वस्तीपर्यंत येते. तिच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारखे लांबट गोल ठिपके तीन रांगांत असतात. प्रत्येक ठिपका मधे तपकिरी आणि कडेला काळा असतो. अंग जाड, मान बारीक, डोके त्रिकोणी आणि बारीक खवल्यांचे. डिवचली की ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा आणि लांब फुत्कार काढते. तिला अजगराचे पिल्लू समजून हातात उचलण्याची चूक लोक अजूनही करतात. अजगराचे डाग मोठे, वेडेवाकडे आणि कडेने एकमेकांना भिडणारे असतात, त्याच्या डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण असते, आणि घोणशीच्या साखळीतला नेमकेपणा त्यात नसतो. डुरक्या घोणस हे नाव फसवे आहे. तो मांडुळाच्या जातीतला बिनविषारी साप आहे, त्याची शेपटी आखूड असून एकदम निमुळती होते आणि पाठीवरचे डाग एकमेकांत मिसळलेले असतात. जिथे शंका असेल तिथे ती घोणसच आहे असे धरून मागे सरकावे.

फुरसे लहान असते, बहुधा हात-दीड हात लांबीचे, आणि कोरड्या, खडकाळ माळावर दगडाखाली सापडते. त्याच्या डोक्यावर बाणासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी खूण असते; अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून ते करवतीसारखा आवाज काढते. मांजऱ्याच्या पाठीवरही नागमोडी नक्षी असते, त्यामुळे त्याचा घोटाळा होतो. पण मांजऱ्याचे अंग बारीक आणि लांब, मान सडपातळ आणि डोळे मोठे असतात. नागाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. फणा काढला की तो नाग, मग फण्यावर दहाचा आकडा असो वा नसो. अडचण होते ती फणा न काढलेल्या नागाची आणि धामणीची. धामण नागापेक्षा सहसा लांब असते, तिचे डोळे मोठे असतात आणि ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतात. ती गाईच्या पायाला वेटोळे घालून दूध पिते आणि शेपटीने मारते, या दोन्ही समजुती खोट्या आहेत. उंदीर खाणारी धामण मारली तर भाताच्या कणगीचे नुकसानच होते.

खानापूर तालुक्यात, जांबोटी आणि कणकुंबीच्या रानात, पावसाळ्यात झुडपांवर हिरवे साप दिसतात आणि तिथे नियम आणखी बदलतो. हरणटोळ दोरीसारखा बारीक, त्याचे तोंड लांब टोकदार आणि बाहुली आडवी असते. तो निमविषारी आहे. चापडा, म्हणजे बांबूवर बसणारा हिरवा साप, आखूड आणि जाडसर असतो, डोके त्रिकोणी असते, आणि डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा दिसतो. तो विषारी आहे. ओढ्याकाठी दगडावर किंवा फांदीवर तो तासन् तास हलत नाही, त्यामुळे हात टेकताना दंश होतो. गवत्या हाही हिरवा, पण जमिनीवर फिरणारा आणि भेकडे खाणारा साप आहे. कारवारकडील सदाहरित रानातला काळिंग, म्हणजे नागराज, मात्र कोणी इतर सापाशी गल्लत करेल असे वाटत नाही. २०२४ मध्ये पश्चिम घाटातील नागराजाला स्वतंत्र जात म्हणून नाव देताना हाच कन्नड शब्द वापरला गेला.

पाळीव सापांचा विषय वेगळा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार देशी साप पकडणे, पाळणे आणि विकणे गुन्हा आहे. धनलाभाच्या भोळ्या कल्पनेपोटी मांडूळ घरात ठेवणारा माणूस बिनविषारी साप पाळत असला तरी कायद्याच्या कचाट्यात सापडतो. शहरात हौसेने पाळले जाणारे बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक हे परदेशी साप बिनविषारी आहेत. हॉगनोज मात्र निमविषारी आहे आणि त्याच्या चाव्याने काहींना सूज येते. विदेशी प्राणी बाळगण्यासाठी नोंदणीचे नियम आहेत, ते विकत घेण्याआधी वनखात्याकडे विचारावेत. गारुड्याकडचा दात काढलेला नाग निर्धोक मानू नये, कारण नागाचे विषदात पुन्हा येतात. तोडलेल्या डोक्याचाही काही काळ दंश होऊ शकतो, म्हणून मेलेला साप हातात घेऊ नये.

दंश झाल्यावर मात्र ओळख पटवत बसू नये. अंगठी, बांगड्या आणि जोडवी सूज येण्यापूर्वी काढावीत, हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नये, १०८ वर फोन करावा, आणि कितीला दंश झाला ती वेळ लक्षात ठेवावी. दोरीने आवळणे, पाते मारणे, चोखणे यांत वेळ जातो आणि इजाही होते. पेनने सुजेच्या कडेला रेघ मारून शेजारी वेळ लिहिल्यास सूज किती वेगाने पसरते आहे हे डॉक्टरांना दिसते. रुग्णालयात दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घालून वीस मिनिटे न हलवता ठेवतात आणि नंतर नळी तिरकी करतात. रक्त पाण्यासारखे वाहिले तर घोणस किंवा फुरशाच्या जातीच्या विषाची शंका पक्की होते. मण्यारीच्या दंशात वेदना जवळपास नसतात. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो आणि त्याच्या पापण्या मिटू लागतात; तेव्हा ‘काही दिसत नाही’ म्हणून घरी थांबणे घातक ठरते. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नाटकात सर्पदंशाची नोंद कळवणे रुग्णालयांना बंधनकारक आहे, त्यामुळे नाव-गाव आणि दंशाची जागा विचारली तर नीट सांगावी.

आपल्याकडे डॉक्टर किंवा परिचारिका कन्नड बोलणाऱ्या असण्याचा संभव मोठा. त्या घोणशीला ‘कोळकु मंडल’, फुरशाला ‘गरगस मंडल’, नागाला ‘नागर हावू’ आणि धामणीला ‘केरे हावू’ म्हणतात. साप दिसला असेल तर हे शब्द उपयोगी पडतात, आणि साप न मारता दुरून काढलेला फोटो त्याहून अधिक. भारतात मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारच सापांच्या विषावर तयार केलेली आहे. चापड्यावर ती उपयोगी पडेल असे धरता येत नाही, म्हणून कणकुंबीहून रुग्ण आला असेल आणि झुडपावरून दंश झाला असेल, तर सापाचा रंग हिरवा होता हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.