एमएसमधली घसरण मोजताना या चुका टाळा

एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार. त्यातलं अपंगत्व ईडीएसएस या ० ते १० च्या मापाने मोजतात, आकडा जास्त म्हणजे त्रास जास्त. गोव्यात तपासलं तेव्हा ईडीएसएस ४, सहा महिन्यांनी मुंबईत ५. एवढ्यावरून आजार वाढला असं धरून औषध बदलायची घाई करू नका. आधी दोन्हीकडे कसं मोजलं ते विचारा.

सगळ्यात मोठी चूक चालण्याच्या अंतरात होते. ४ ते ५.५ या टप्प्यात आकडा बराचसा त्यावरच ठरतो: काठी न घेता, न थांबता ५०० मीटर जमलं तर ४, ३०० ला ४.५, २०० ला ५, १०० ला ५.५. ओपीडीत एवढी जागा किंवा वेळ क्वचितच असतो. मग "किती चालता?" असं विचारून अंदाज लिहिला जातो. दुकानापर्यंतही स्कूटरने जाणाऱ्याला हे सांगता येत नाही. तो भीतीने कमी सांगतो, नाहीतर जुन्या आठवणीने जास्त. म्हणून तपासणीआधी सपाट रस्त्यावर, सोबत कुणाला तरी घेऊन अंतर मोजा. मिरामारच्या वाळूत किंवा चढावावर नको. पावसाळ्यात घसरायच्या भीतीने काठी धरत असाल तर तसं स्पष्ट सांगा, नाहीतर थेट ६ लिहिलं जाऊ शकतं.

दुसरी चूक उन्हाची. अंग तापलं की एमएसची जुनी लक्षणं तात्पुरती बळावतात. मे महिन्यात भर दुपारी बसमधून उतरून लगेच चाचणी दिलीत तर पाय जड पडणारच. निदान अर्धा तास गार खोलीत बसा, शक्यतो सकाळची वेळ घ्या. ताप किंवा लघवीचा संसर्ग असेल तर आधी त्यावर उपचार.

७.६२ मीटर चालण्याची चाचणी दोनदा घेऊन सरासरी काढतात. दर वेळी तीच काठी, तशीच चप्पल हवी. ६ सेकंदांचे ७.२ झाले, म्हणजे २० टक्के वाढ, तर दखल घ्यावी. अर्ध्या सेकंदाने खचू नका.

रिलॅप्सनंतर, म्हणजे आजार अचानक उफाळल्यानंतर, ३० दिवसांच्या आतला ईडीएसएसचा आकडा घसरण म्हणून धरू नये. वाढ ३ किंवा ६ महिन्यांनी पुन्हा दिसली तरच ती पक्की. सुरुवातीचा आकडा १ ते ५ असेल तर १ ची वाढ लागते, ५.५ पासून पुढे ०.५ पुरते.

आणि अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी ईडीएसएसवरून काढू नका. ईडीएसएस ४ म्हणजे ४० टक्के नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे, पण टक्केवारी वैद्यकीय मंडळ स्वतंत्र निकषांवर ठरवतं.