मांजराची शेपूट लुळी पडली? आधी लघवी पाहा, आणि या चुका टाळा

"शेपूटच तर आहे, तुटली तर तुटली." आमच्या घरात हे वाक्य मीच बोललो होतो. घरात कापूस भरला की उंदीर येतात, म्हणून पाळलेली आमची भुरी. वैशाखातल्या वावधनात कोठ्याचा टिनाचा दरवाजा आपटला, तिची शेपूट सापडली आणि ती जिवाच्या आकांताने हिसका देऊन सुटली. रक्ताचा थेंब नाही. शेपूट मात्र ओल्या दोरीसारखी लोंबत होती. आईने हळद-तेल लावलं आणि आम्ही कामाला लागलो.

तिसऱ्या दिवशी तिचं मागचं अंग ओलं दिसू लागलं, वास येऊ लागला. मुतते आहे म्हणजे बरी आहे, असं आम्ही धरून चाललो. अकोल्याला नेल्यावर डॉक्टरांनी पोट चाचपलं, तर मूत्राशय मोसंबीएवढं फुगलेलं. गळत होतं ते काठोकाठ भरलेल्या टाकीतून सांडणारं पाणी होतं. तिला स्वतःहून लघवी करताच येत नव्हती.

सगळ्यात घातक चूक हीच. मांजराच्या शेपटीत 20 च्या आसपास मणके असतात. शेपटीच्या टोकाला चिमटा बसला तर बहुतेक वेळा निभावतं. पण शेपूट जोरात ओढली गेली, दारात किंवा बंडीच्या चाकाखाली सापडली, लेकरांनी धरून उचललं, तर ताण बुडापर्यंत जातो. तिथूनच मूत्राशयाला आणि गुदद्वाराला जाणाऱ्या नसा निघतात. त्या ताणल्या की शेपूट लुळी पडते आणि लघवी-शौचावरचा ताबाही जातो. जखम दिसत नाही, म्हणून आपण गाफील राहतो.

तेव्हा शेपटीला मार लागला की मांजर एका खोलीत ठेवा आणि घमेल्यात कोरडी माती द्या. मातीत ओला गोळा दिसतो का? बसल्यावर धार येते की नुसते थेंब? शेपूट उचलते का? मागचे पाय नीट टाकते का? 24 तासांत नीट लघवी झाली नाही, किंवा सारखी गळत राहिली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. साठलेल्या लघवीचं विष रक्तात चढतं आणि दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. घरी पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न आपल्या मनाने करू नका, मूत्राशय फुटू शकतं. आम्हाला डॉक्टरांनी हात धरून शिकवलं, मग दिवसातून तीनदा आम्ही ते केलं. शेपटीच्या बुडाशी चिमटा काढल्यावर भुरी गुरगुरली होती, म्हणजे तिथे संवेदना शिल्लक होती, आणि डॉक्टरांना आशा वाटली ती त्यावरूनच. एकोणिसाव्या दिवशी ती स्वतः सांदवाडीत गेली आणि माती उकरून बसली. आई तर रडलीच. सुधारणा व्हायची असेल तर बहुतेक मांजरांत ती महिन्याभरात दिसते.

दुसरी चूक गोळीची. माणसाची पॅरासिटामॉल मांजराला देऊ नका, अर्धीसुद्धा नाही. मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही. हिरड्या काळपट पडतात, तोंड सुजतं, श्वास लागतो आणि मांजर मरतं. डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेनही तितकीच वाईट. ढोरांच्या औषधातला उरलेला डोसही नको.

उघडी जखम असेल तर फिनाईल, रॉकेल, टर्पेंटाइन, डेटॉल यांपैकी काहीही लावू नका. बैलाच्या जखमेत किडे पडले की आपण जे ओततो, ते मांजर चाटून पोटात घेतं. उकळून थंड केलेल्या एक लिटर पाण्यात दोन लहान सपाट चमचे मीठ घालून जखम धुवा. रक्त येत असेल तर स्वच्छ फडकं पाच-दहा मिनिटं दाबून धरा. शेपटीला सुतळी, रबर किंवा घट्ट पट्टी कधीही बांधू नका, रक्त अडून शेपूट सडते. उन्हाळ्या-पावसाळ्यात माश्यांनी अंडी घातली की एका दिवसात अळ्या होतात, म्हणून जखमेचं मांजर घरातच ठेवा. बोक्यांच्या भांडणातला चावा वरून बारीक दिसतो, पण तीन-चार दिवसांनी तिथे गाठ येते, ताप चढतो. ती गाठ घरी फोडू नका.

दुखणारं मांजर चावतं. त्याला गोणपाटात किंवा जाड टॉवेलात गुंडाळूनच धरा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

आधी गावाजवळच्या गुरांच्या दवाखान्यात विचारा. तिथे एक्स-रे नसेल तर अकोल्याची पशुवैद्यक संस्था किंवा नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना भोकं पाडलेला खोका घ्या, पहाटेची एसटी धरा. 44-45 अंशांत दुपारी बंद खोक्यात मांजर टिकत नाही.

शेपूट काळी-थंड पडली किंवा कातडं सोलून निघालं, तर डॉक्टर ती कापायला सांगतात. लोक घाबरून नकार देतात आणि सडकी शेपूट घेऊन मांजर महिनाभर हाल सोसतं. भुरीचीही कापावी लागली. 12 दिवसांनी टाके निघाले, तोवर ती चाटू नये म्हणून गळ्यात पुठ्ठ्याचा कॉलर होता. आता ती बिनशेपटीची कापसाच्या ढिगावर चढते.