मॅग्नम रिव्हॉल्व्हरचं काडतूस निवडताना या चुका टाळा

वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे भुसावळच्या आसपास काडतूस ही वस्तू कुणाला नवी नाही. पण तिथे बनतात ती सैन्याच्या ५.५६ आणि ७.६२ रायफलींची काडतुसं. मॅग्नम रिव्हॉल्व्हर, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं, ताकदवान काडतूस झाडणारी रिव्हॉल्व्हर, हा प्रांतच वेगळा, आणि त्याबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते बहुतेक व्हिडिओ बघून. प्रश्न दोन बाजूंनी येतात. अमळनेर, पाचोरा, शिरपूरची पोरं अमेरिकेत नोकरीला गेली, तिथल्या मित्रांसोबत हरणाच्या किंवा डुकराच्या शिकारीला निघाली, आणि विचारतात की ३५७ मॅग्नम घेऊ का ४४ मॅग्नम. दुसरे विचारणारे इथलेच, ज्यांच्या मक्यात आणि केळीत रानडुकरं शिरतात आणि ज्यांच्या कपाटात परवान्याचं बत्तीस बोर (०.३२ मापाची रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल) आहे.

इथल्यांसाठी आधी सांगतो, कारण यात गैरसमज ठेवून चालणार नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे. स्वसंरक्षणासाठी मिळालेला शस्त्रपरवाना म्हणजे डुक्कर किंवा रोही मारायची परवानगी नव्हे. पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती हातात नसताना झाडलेली गोळी हा गुन्हा आहे, मग शेत तुमचं का असेना. नुकसान झालं तर उशीर न करता वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या, पंचनाम्याआधी शेत नांगरू नका, फोटो काढून ठेवा. आणि रात्री केळीच्या बागेत बत्तीस बोर घेऊन डुकरामागे शिरणं हे कायदा बाजूला ठेवला तरी जिवावरचं काम आहे. त्या काडतुसात डुक्कर थांबवायची ताकद नाही. जखमी सुळेवाला डुक्कर माणसावर उलटतो.

व्हिसाचा विचार न करता बंदूक हातात घेणं

अमेरिकेतल्या पोरांची सगळ्यात महाग पडणारी चूक काडतुसाच्या आधीच होते. एच-वन-बी, एफ-वन अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला तिथल्या संघीय कायद्याने बंदूक आणि काडतूस बाळगायला मनाई आहे. यातली नेहमी वापरली जाणारी सूट म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याचं वैध शिकार लायसन. रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेतानाही ते जवळ हवं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

टेक्सासमध्ये यात आणखी एक फसगत आहे. २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने रानटी डुकरं मारायला त्या राज्यात शिकार लायसन लागत नाही. म्हणून पोरं ते काढतच नाहीत. राज्याच्या दृष्टीने ते बरोबर, पण संघीय कायद्यातली तुमची सूट त्याच लायसनवर उभी आहे. दादा, लायसन काढाच. त्यासोबत शिकार-सुरक्षेचा कोर्सही करा. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लायसनवर शिकार करायची तर तो तसाही करावा लागतो.

नावातल्या आकड्यावरून ताकद मोजणं

४४ मॅग्नमची गोळी ०.४४ इंचाची नसते, सुमारे ०.४२९ इंचाची असते. ३८ स्पेशल या जुन्या, कमी दाबाच्या काडतुसाची गोळी ०.३८ नसून ०.३५७ इंचाची, म्हणजे ३५७ मॅग्नमच्याच मापाची. ही नावं जुन्या सवयीने चालत आली आहेत, त्यावरून काही ठरवू नका. ताकद काढायची तर गोळीचं वजन ग्रेनमध्ये (गोळ्या तोलायचं बारीक माप) घ्या, वेग फूट प्रतिसेकंदात घ्या, वेगाचा वर्ग करून वजनाने गुणा आणि साडेचार लाखांनी भागा. उत्तर फूट-पौंडात येतं.

१९३५ सालच्या ३५७ मॅग्नमची १५८ ग्रेनची गोळी १२३५ च्या वेगाने साधारण ५३५ फूट-पौंड देते. १९६४ चं ४१ मॅग्नम २१० ग्रेन आणि १३०० च्या वेगाने ७९० च्या जवळ जातं. ४४ मॅग्नम १९५५-५६ मध्ये आलं. त्याची २४० ग्रेनची गोळी १३५० ने गेली तर ९७० होतात. त्यापुढे ४५४ कॅसूल सतराशेच्या पुढे, आणि २००३ चं ५०० एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) अडीच हजारांच्या आसपास.

पण हा १३५० चा वेग लांब नळीचा आहे. चार इंची नळीतून तेच २४० ग्रेन साधारण ११८० ने निघतात आणि ताकद ७४० वर येते. डब्यावरचा आकडा कोणत्या नळीतून मोजला ते न बघता खरेदी करणारे पुष्कळ. शिकारीसाठी सहा ते साडेसात इंची नळी घ्या. वेगही मिळतो आणि नेम धरायच्या पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर जास्त असल्याने नेमही बरा बसतो.

बसलं म्हणजे चालतं असं समजणं

इथे मी जरा थांबून सांगणार आहे, कारण यात माणूस बोटं गमावतो.

रिव्हॉल्व्हरची काडतुसं घराण्याघराण्याने येतात. धाकटं काडतूस थोरल्याच्या चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या ज्या भोकात काडतूस बसतं त्यात, चालतं, उलट चालत नाही. ३५७ मध्ये ३८ स्पेशल चालतं, ४४ मॅग्नममध्ये ४४ स्पेशल, ४५४ कॅसूलमध्ये ४५ कोल्ट, आणि ४६० मॅग्नममध्ये ४५४ व ४५ कोल्ट दोन्ही. थोरल्याची पुंगळी (दारू आणि गोळी धरणारं धातूचं कवच) मुद्दाम लांब केलेली असते, जेणेकरून ती जुन्या, कमी दाबाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पूर्ण शिरू नये. ३५७ ची पुंगळी ३८ स्पेशलपेक्षा जेमतेम साडेतीन मिलिमीटर लांब आहे, पण दाबाची मर्यादा १७ हजारावरून ३५ हजार पीएसआयवर (दाबाचं माप, चौरस इंचाला पौंड) जाते. ४५ कोल्ट आणि ४५४ मधला फरक आणखी मोठा: १४ हजार विरुद्ध ६५ हजार. पुंगळी शिरत नाही म्हणून अंगठ्याने दाबणं, चेंबर 'थोडं मोकळं' करून घेणं, असले उद्योग मरणाला बोलावणं आहेत.

आपल्या बत्तीस बोरवाल्यांनी हे नीट वाचावं. कानपूरला बनणारी रिव्हॉल्व्हर, त्यात २०१४ ची निर्भीकही आली, ३२ एस अँड डब्ल्यू लाँग या काडतुसाची असते. त्याच घराण्यात ३२ एच अँड आर मॅग्नम (१९८४) आणि ३२७ फेडरल मॅग्नम (२००८) आहेत. ३२७ चा दाब ४५ हजार पीएसआय, लाँगचा १५ हजार. परदेशातला भाऊ म्हणाला की 'तुझ्या बत्तीसातही मॅग्नम मिळतं', तर त्याला सांगा की ते या रिव्हॉल्व्हरसाठी नाही. जुन्या, झिजलेल्या चेंबरमध्ये ते शिरलं तरी नाही.

दुसरा घोटाळा बत्तीस या नावाचाच. अशनीसारख्या पिस्तुलाचं बत्तीस म्हणजे ३२ एसीपी, आणि रिव्हॉल्व्हरचं बत्तीस म्हणजे लाँग. पिस्तुलाच्या पुंगळीला बुडाशी कडा जवळपास नसते आणि दाब लाँगपेक्षा जास्त असतो. दोन्ही खडकीच्या कारखान्याची असतात, डबे सारखे दिसतात, दुकानात घाई असते. डबा उघडून एक काडतूस हातात घ्या, बुडाची कडा आणि लांबी बघा, मगच पैसे द्या.

धाकटं काडतूस थोरल्यात चालवण्याला एक छोटा तोटा आहे. ३८ स्पेशल भरपूर झाडलं की ३५७ च्या चेंबरमध्ये, जिथे छोटी पुंगळी संपते तिथे, काजळीची आणि शिशाची कडी बसते. मग मॅग्नमची पुंगळी जेमतेम शिरते आणि झाडल्यावर निघत नाही. लोक काडतुसाला दोष देतात. आधी ब्राँझच्या ब्रशने चेंबर घासा.

काडतूस निवडून गोळी निवडायची राहून जाणं

माझ्या मते शिकारीत याचं महत्त्व ३५७-४४ च्या वादापेक्षा जास्त आहे. स्वसंरक्षणासाठी बनवलेली हलकी, पोकळ टोकाची गोळी अंगात शिरताच उमलते. हरणाच्या फऱ्यावर लागली तर वरवर फुटून जखम करते आणि जनावर पळून जाऊन कुठेतरी तडफडत मरतं. ज्याला जनावराबद्दल काही वाटतं त्याने ही चूक करू नये. ३५७ असेल तर १५८ किंवा १८० ग्रेनची, शिकारीसाठीच बनवलेली घट्ट गोळी घ्या. ४४ असेल तर २४० ग्रेनची. रानटी डुकराच्या नराला खांद्यावर जाड, चिवट कातडीचं कवच असतं. त्याच्यासाठी कडक शिशाची सपाट टोकाची गोळी जास्त भरवशाची, ती उमलत नाही पण आरपार जाते.

टेक्सासचं पांढऱ्या शेपटीचं हरीण आकाराने आपल्या चितळाच्या जवळपासचं आहे. त्याला ४५४ किंवा ५०० ची गरज नाही. ती एल्क (तिकडचं मोठं हरीण), अस्वल यांसाठी. अंतर जवळ आणि हात स्थिर असेल तर ३५७ पुरतं, पण त्याला चुकीची मुभा कमी. नवख्या माणसाने ४४ घ्यावी आणि बराच काळ ४४ स्पेशलवर हात बसवावा, हे माझं स्पष्ट मत. ४१ चांगलं आहे, पण गावागावात काडतूस मिळत नाही. आणि प्रत्येक राज्याचे हँडगनचे नियम वेगळे आहेत, कुठे किमान नळी, कुठे किमान ताकद. ज्या राज्यात जाणार तिथलं त्या वर्षीचं नियमपुस्तक वाचा.

धक्क्याला घाबरून गोळी खाली जाणं

'रिव्हॉल्व्हर खाली मारते' अशी तक्रार आली की बहुतेक वेळा रिव्हॉल्व्हर निर्दोष असते. आवाज आणि झटका येणार हे मेंदूला माहीत असतं, म्हणून ट्रिगर सुटायच्या आत मनगट खाली दाबलं जातं. उजव्या हाताच्या माणसाची गोळी खाली-डावीकडे जाते. खात्री करायची असेल तर जोडीदाराला सिलिंडर भरू द्या, त्यात मधेमधे रिकाम्या पुंगळ्या किंवा डमी काडतुसं घालायला सांगा. डमीवर हॅमर पडला आणि नळीचं टोक खाली झुकलं, की आजार सापडला. त्यावर औषध म्हणजे हलकं काडतूस आणि थोड्या गोळ्या. थकल्यावर झाडलेल्या गोळ्यांनी सवय आणखी बिघडते.

इथे एक बारकावा आहे. काडतूस बदललं की गोळी पडायची जागाही बदलते. जवळच्या अंतरावर जड, सावकाश गोळी हलक्या, वेगवान गोळीपेक्षा वर लागते, कारण ती नळीत जास्त वेळ असते आणि तोवर धक्क्याने नळी उचलली गेलेली असते. म्हणून सराव ४४ स्पेशलवर केला तरी शिकारीला जायच्या आधी शिकारीच्याच गोळीने साइट लावा. पन्नास यार्डांवर, टेकू घेऊन, ताटाएवढ्या वर्तुळात प्रत्येक गोळी बसत नसेल तर त्याहून जवळ जा. नाहीतर झाडू नका.

अडलं तर काय बघायचं

सिलिंडर मधेच अडकला तर आधी नळी सुरक्षित दिशेला धरून पुढून नीट पाहा. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये जड गोळीचं काडतूस असेल तर धक्क्याने न झाडलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात आणि सिलिंडरच्या बाहेर डोकावतात. उपाय म्हणजे घट्ट क्रिंप केलेलं (पुंगळीचं तोंड गोळीवर आवळलेलं) काडतूस किंवा जड रिव्हॉल्व्हर.

पुंगळ्या निघत नसतील आणि चेंबर स्वच्छ असेल, तर दाब जास्त आहे. तो डबा बाजूला ठेवा.

बाजूला उभ्या माणसाच्या गालाला शिशाचे कण लागत असतील तर सिलिंडर नळीशी नीट जुळत नाही. गनस्मिथला दाखवा.

ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही, तर नळी समोरच धरून अर्धा मिनिट थांबा. उशिरा पेटणारं काडतूस असू शकतं. आवाज फुसका आला आणि धक्का जाणवला नाही, तर तिथेच सगळं थांबवा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून मॅग्नम झाडलं तर नळी फाटते. रिव्हॉल्व्हर रिकामी करून नळीत बघा.

सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून तापलेला वायू बाजूला फेकला जातो. रायफल धरावी तसा डावा हात पुढे नेऊन धरू नका. मॅग्नमच्या एका आवाजाने कान कायमचे अधू होऊ शकतात. रेंजवर कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही लावा.

सामान आवरताना

दिवाळीला जळगावला यायचं असेल तर जी बॅग रेंजवर नेता ती विमानाला आणू नका. दुसरा इलाज नसेल तर प्रत्येक कप्पा उलटा करा, अस्तराच्या शिवणीतही हात घाला. शिल्लक राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं तर शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा दाखल होतो. नकळत राहिलं हे कोर्टात पटवता येतं, पण तोवर सुट्टी, पासपोर्ट आणि वकिलाची फी यांत अडकून पडावं लागतं. रिकाम्या पुंगळ्याही आठवण म्हणून आणू नका.