जुने डायोड लेझर घ्यायला जाताना

पहिल्या वेळी मी मुंबईहून केस काढण्याचे जे जुने डायोड लेझर सांगलीला आणले, ते दिसायला नव्यासारखे होते, पडद्यावरचा शॉटचा, म्हणजे आजवर सोडलेल्या झोतांचा, आकडा कमी होता आणि विकणाऱ्याने माझ्यासमोर स्वतःच्याच हातावर चार शॉट मारून दाखवले होते. पाच महिन्यांनी रुग्ण विचारू लागल्या, की चार बैठका होऊनही हनुवटीवरचे केस जसेच्या तसे कसे. शेवटी पुण्याहून बोलावलेल्या अभियंत्याने हँडपीसच्या, म्हणजे हातात धरायच्या भागाच्या, टोकापुढे ऊर्जा मोजणारा मीटर धरला, तेव्हा पडद्यावर २० ज्यूल लावलेले असताना बाहेर जेमतेम ११ पडत होते. दुसरे यंत्र घेण्यापूर्वी ही तयारी लिहून काढली, ती अशी.

कोणते लेझर हवे, हे घरीच ठरवून निघावे. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेला ७५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अलेक्झांड्राइट लेझरने भाजण्याचा धोका अधिक असतो, १०६४ चे एनडी-याग सर्वांत सुरक्षित आणि ८०८ चे डायोड या दोहोंच्या मधले. आयपीएल, म्हणजे अनेक तरंगलांबींच्या प्रकाशाचे झोत सोडणारे यंत्र, हे लेझर नव्हे. ते ‘लेझर’ म्हणून विकायला काढणाऱ्याशी पुढे बोलूच नये.

कागदपत्रांत मूळ बिल आणि मागच्या पट्टीवरचा अनुक्रमांक जुळवून पाहावा. यंत्र कर्जावर घेतलेले असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र हाती आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. उत्पादक दुसऱ्या मालकाला सेवा देतो का, त्यासाठी किती आकारतो आणि हँडपीसमधल्या चिपमध्ये शॉटची मर्यादा घातलेली आहे का, हे थेट उत्पादकाकडून लेखी मागवावे, कारण विकणाऱ्याच्या ‘काही अडचण येत नाही हो’ याला व्यवहार झाल्यावर काही किंमत उरत नाही.

आता मीटर. लेझरची ऊर्जा मोजणारा मीटर आणि तो वापरता येणारा अभियंता आपण आपल्या खर्चाने सोबत न्यावा; विकणाऱ्याचा अभियंता चालणार नाही आणि विकणाऱ्याचा मीटरही चालणार नाही. पडद्यावरचा आकडा म्हणजे यंत्राला दिलेली आज्ञा आहे. ती कितपत पाळली जाते, हे फक्त मीटर सांगतो. हिशेब सोपा आहे. टोक १० बाय १२ मिलिमीटरचे, म्हणजे १.२ चौरस सेंटिमीटरचे असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला २० ज्यूल लावल्यावर एका शॉटमधून २४ ज्यूल बाहेर पडायला हवेत. वैद्यकीय लेझरांच्या आयईसी ६०६०१-२-२२ या मानकात लावलेल्या आणि प्रत्यक्ष ऊर्जेतला फरक २० टक्क्यांपर्यंत चालतो; म्हणजे १९ च्या खाली काटा गेला, की एक तर किमतीतून नव्या हँडपीसची रक्कम वजा करून घ्यावी, नाही तर उठून यावे. मीटरचा संवेदक, म्हणजे ज्यावर शॉट मारायचा तो भाग, टोकापेक्षा मोठा असावा, टोक त्याला टेकवू नये आणि मीटरवर तरंगलांबी ८०८ लावलेली आहे, हे स्वतः वाचावे. कमी, मधली आणि जास्त अशा तिन्ही पातळ्यांवर मोजावे, आणि यंत्र थंड असताना एकदा मोजून, अर्धा तास सतत चालवल्यावर पुन्हा मोजावे, कारण थकलेले डायोड पहिली पाच मिनिटे सभ्यपणे वागतात आणि मग घसरतात. चहा येईल, घाई केली जाईल. अर्धा तास बसून राहावे.

‘मीटर कशाला, हातावर मारून बघा ना’ असे ऐकवले जाईल. मीही तेच बघून फसले. चटका बसतो म्हणजे केसाचे मूळ जळते असे नाही, आणि अपुऱ्या ऊर्जेने चेहऱ्यावर आणि मानेवर केस उलट वाढूही शकतात. माझ्याकडच्या दोघींच्या बाबतीत ते झाले आणि त्यांचे पैसे परत करताना मी मान वर करू शकले नाही. मीटर न्यावा.

शॉटच्या आकड्यावर विसंबू नये, तो बऱ्याच यंत्रांत शून्यावर आणता येतो. टोकाला काचेसारखा बसवलेला नीलमणी मात्र खोटे बोलत नाही: दिवा बंद करून, मोबाइलचा प्रकाश तिरपा पाडून भिंगातून पाहावे. काचेवर मोहरीएवढा काळा ठिपका दिसला, तर तिथे जळका केस चिकटून राहिलेला असतो, प्रत्येक शॉटला तो तापतो आणि त्वचेवर त्याच आकाराचा डाग उठवतो. पुसून जात असेल तर ठीक. नखाला खड्डा लागला तर काच गेली.

यंत्र थंड ठेवणाऱ्या पाण्याची टाकी उघडायला लावावी. हिरवट थर किंवा पांढरी खर दिसली, तर डिस्टिल्ड पाण्याऐवजी नळाचे पाणी घातले गेले आहे आणि तेच पाणी डायोडच्या बारीक नळ्यांतून फिरले आहे. अशा वेळी मीटरचा आकडा बरा आला तरी मी ते यंत्र घेणार नाही.

गॉगल ८०८ साठीचेच हवेत, दुसऱ्या लेझरचे चालत नाहीत. तरंगलांबी आणि ओडी, म्हणजे गॉगल तो प्रकाश किती अडवतो याचा आकडा, त्यांच्यावर छापलेली असते. क्लिनिकचे अर्थिंग आधी तपासून घ्यावे, न्यूट्रल-अर्थमधला दाब दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. स्टॅबिलायझर, एसी आणि दाराला कडी हेही आधीच हवे.

टेम्पोत चढवण्यापूर्वी सगळे पाणी काढावे, यंत्र उभेच न्यावे, हँडपीसची नळी मुडपू नये. शेवटची एक तृतीयांश रक्कम यंत्र आपल्या जागी लागून चालू होईपर्यंत हातात ठेवावी आणि हे बिलावर लिहून घ्यावे. जागेवर लागल्यावर पुन्हा मीटर लावावा, त्याच तीन पातळ्यांवर. आकडे तारखेसह यंत्राच्या पाठीवर चिकटवून ठेवावेत, म्हणजे सहा महिन्यांनी मोजताना तुलना करता येईल.