नमुना जॉमधून सरकतोय? एमरी कापड लावून बघा

टेन्साइल टेस्टमध्ये (नमुना ताणून त्याची ताकद मोजायच्या चाचणीत) प्लास्टिकची किंवा कंपोझिटची (तंतू आणि रेझिन मिळून बनलेल्या साहित्याची) पातळ पट्टी जॉमधून, म्हणजे मशीनच्या ग्रिपच्या पकडणाऱ्या जबड्यांमधून सरकते, आणि जॉ जास्त आवळले तर दात रुतून ती जॉच्या कडेलाच तुटते. दोन्ही वेळा चाचणी वाया जाते. नवीन ग्रिप बनवायला टाकण्याआधी हे करून बघा:

१. एमरी कापडाची (घासकामाच्या खरखरीत कापडाची) पट्टी नमुन्याच्या टोकावर दुमडून बसवा, खरखरीत बाजू नमुन्याकडे. कागदी पॉलिश पेपर नको, तो ताणात फाटतो.

२. आधी वरचा जॉ आवळा. नमुना मोकळा लटकत असतानाच मशीनवरचं लोडचं (भाराचं) वाचन शून्य करा, मग खालचा जॉ आवळा.

३. जॉच्या कडेला नमुन्यावर पेनने बारीक रेघ मारा. चाचणीत रेघ कडेपासून दूर गेली, तर नमुना सरकला. ही रेघ फार कामाची, कारण आलेखात सरकणं आणि ताणणं बऱ्याचदा सारखंच दिसतं.

नमुना मात्र जॉच्या बरोबर मध्यरेषेत हवा. तिरका बसला तर कापडाचा काही उपयोग नाही.

एक काळजी घ्या: कंपोझिट तुटताना तुकडे उडतात, त्यामुळे चष्मा आणि मशीनचं संरक्षक झाकण दोन्ही हवंच.