शिश्नातल्या इम्प्लांटला जंतुसंसर्ग झाला तर: काय काढावे, काय बसवावे

ताठरता येण्यासाठी शिश्नात बसवलेल्या फुगवत्या इम्प्लांटमध्ये दोन सिलिंडर, वृषणकोशातला पंप, द्रव साठवणारा रिझर्व्हायर आणि जोडणाऱ्या नळ्या असतात. पंप वृषणकोशाच्या कातडीला चिकटला, दुखणे ओसरण्याऐवजी वाढत गेले, जखमेतून स्राव येऊ लागला, की संसर्ग धरूनच चालावे. ताप नसला तरी. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिससारखे जंतू सावकाश वाढतात आणि उपकरणावर बायोफिल्मचा, म्हणजे स्वतःभोवतीच्या चिकट आवरणाचा, थर चढवतात. त्या थरात अँटिबायोटिकचे फारसे चालत नाही. इंजेक्शनांनी लाली उतरते, संसर्ग तिथेच राहतो.

संमती घेतानाच दोन्ही शक्यता सांगून ठेवाव्यात: त्याच वेळी नवे बसवणे किंवा नुसते काढणे. रक्तातली साखर आटोक्यात आणावी. बुरशी आणि अनॅरोबिक (ऑक्सिजनविना वाढणारे) जंतूही सापडतात, तेव्हा फक्त व्हँकोमायसिन-जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या जोडीवर विसंबू नये. इम्प्लांटभोवतीच्या पोकळीतला नमुना कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवावा.

काढताना अर्धवट काम नको. दोन्ही सिलिंडर, पंप, नळ्या, रिझर्व्हायर, न विरघळणारे टाके, सगळे निघाले पाहिजे. सिलिंडरच्या मागच्या टोकाला लांबी वाढवण्यासाठी लावलेले एक्स्टेंडर आत सुटून राहतात आणि संसर्ग उलटतो. जुन्या ऑपरेशनच्या नोंदीशी ताडून तुकडे मोजावेत. खोलवरच्या रिझर्व्हायरसाठी वेगळा छेद लागला तर तो घ्यावा.

मग धुणे. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ मुल्काही यांच्या गटाने 1996 मध्ये मांडलेला क्रम असा: अँटिबायोटिकचे द्रावण, निम्म्या तीव्रतेचे हायड्रोजन पेरॉक्साइड, निम्म्या तीव्रतेचे बेटाडीन; नंतर 5 लिटर सलाइनमध्ये 1 ग्रॅम व्हँकोमायसिन आणि 80 मिलिग्रॅम जेंटामायसिन घालून दाबाने धुलाई; शेवटी पहिली तीन द्रावणे उलट्या क्रमाने. प्रत्येक पोकळीत कॅथेटर घालून धुवावे. पेरॉक्साइड मात्र बंद पोकळीत दाबाने कधीच सोडू नये. वायू रक्तात शिरू शकतो. यानंतर गाऊन, हातमोजे, चादरी, हत्यारे सगळे बदलावे. हा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणूनच तो गाळला जातो.

नवे म्हणून फुगवता येणाऱ्या इम्प्लांटऐवजी वाकवता येणाऱ्या दांड्या बसवणे आम्हाला जास्त पटते. पंप नाही, रिझर्व्हायर नाही, परकी वस्तू कमी. शिवाय लांबी टिकते आणि पुढे हवे तर फुगवते बसवता येते. भारतात मुंबईच्या डॉ. रुपिन शहा यांचे अर्धकठीण इम्प्लांट तुलनेने स्वस्तात मिळते.

सेप्सिस (संसर्गामुळे अवयव बिघडू लागणे), मधुमेही कीटोअॅसिडोसिस (साखर बेकाबू होऊन रक्त आम्लधर्मी होणे), ऊतक काळे पडणे किंवा सिलिंडर मूत्रमार्गात घुसणे, यांपैकी काही असेल तर नवे बसवू नये. सगळे काढून, धुऊन, ड्रेन (स्राव बाहेर काढणारी नळी) ठेवून थांबावे. पुढचे ऑपरेशन साधारण 3 ते 6 महिन्यांनी. तोवर आत तंतुमय ऊती दाटते, शिश्न आखूड होते आणि पोकळी रुंद करणेच सगळ्यांत अवघड काम होऊन बसते.