फोर्कलिफ्टची गॅसटाकी बदलताना चावीला हात लावू नका

चाकणच्या आमच्या गोदामात नवा ऑपरेटर आला की टाकी बदलण्याआधी माझी पहिली ताकीद हीच: इंजिन चावीने बंद करायचं नाही.

गाडी शेडबाहेर मोकळ्यावर घ्या. फोर्क जमिनीला टेकवा, न्यूट्रल, हँडब्रेक. इंजिन चालू असतानाच टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. पाइपातला गॅस जळून संपला की इंजिन आचके देत आपणच बंद पडतं. चावी त्यानंतर. घाईत ही पायरी गाळली, तर जोड सोडताना पाइपातला द्रव गॅस थेट हातावर उडतो. प्रोपेन उणे ४२ अंशांनाच उकळतं, थंडीने कातडी भाजते. म्हणून चामडी हातमोजे आणि चष्मा हवाच. कापडी मोजे भिजतात, त्यांचा उपयोग नाही.

मोकळ्यावर का? एलपीजी हवेपेक्षा जड. गळाला की जमिनीलगत सरकत डॉक लेव्हलरच्या (ट्रक आणि गोदामाची फरशी जुळवणाऱ्या हलत्या पाटाच्या) खड्ड्यात, गटारात जाऊन बसतो. बॅटरी चार्जिंगची जागा लांब हवी. तंबाखू मळणाऱ्यांशी मी भांडत नाही, पण लायटर खिशातसुद्धा नको.

जोड हातानेच सोडा. किंचित फुस्स होणारच. आवाज थांबलाच नाही तर परत आवळा आणि सुपरवायझरला बोलवा. पट्टा सोडून टाकी दोघांनी उतरवा. एकट्याने मर्दुमकी दाखवली की कंबर जाते.

नवी टाकी चढवण्याआधी व्हॉल्व्हच्या तोंडातली रबरी रिंग बघा. चिरलेली असेल तर टाकी परत. पोचे, गंज आणि तपासणीची तारीखही बघा. ती अक्षर-आकड्यात असते: ‘बी’ म्हणजे एप्रिल ते जून, पुढचा आकडा वर्षाचा. टाकीच्या कड्यातलं भोक गाडीवरच्या खुंटीत बसलंच पाहिजे. आडव्या टाकीत द्रव ओढणारी नळी खाली आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वर राहतो, तो त्या खुंटीमुळे. घरची १४.२ किलोची टाकी आडवी बांधून ‘आजचा दिवस’ भागवणारे भेटतात. ती उभी ठेवून वाफ देण्यासाठी बनवलेली आहे, या कामाची नाही.

जोड हातानेच घट्ट करा, पाना लावू नका. व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. झटक्यात उघडला तर आतला जादा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बंद होऊन बसतो आणि गाडी सुरूच होत नाही. मग लोक सेल्फ मारत बसतात. तसं झालं तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा, थोडं थांबा, पुन्हा सावकाश उघडा. आता जोडावर साबणाचं पाणी. बुडबुडे आले, बर्फासारखा पांढरा थर धरला किंवा वास आला, तर व्हॉल्व्ह बंद, माणसं लांब, सेल्फ अजिबात नाही.

उतरवलेली टाकी ‘रिकामी’ म्हणतात, पण आत थोडा गॅस असतोच. व्हॉल्व्ह बंद आहे ना बघा, खडूने खूण करा आणि बाहेरच्या जाळीच्या पिंजऱ्यात, भरलेल्यांपासून वेगळी ठेवा.